सावकाश होऊ द्या

आग्रही : मावशी, तुम्ही सावकाश, मन लावून जेवण्याला नवं खूळ म्हणता, पण मला यात नवं फारसं काही दिसत नाही. पंगतीत यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरायचा. ताटाभोवती पाणी फिरवणं, चित्राहुती घालणं, श्लोक म्हणणं, काही घरांत मौनानं जेवणं, या सगळ्यामुळे भुकेला माणूस आणि त्याचा पहिला घास यांच्यामध्ये थोडी सवड राहायची. ती आता उरली नाही. धारवाडात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं मांडीवर नोट्स घेऊन जेवतात. हुबळीच्या बाजारात दुकानदार गल्ल्यावर बसूनच डबा उघडतो आणि एका हातानं गिऱ्हाईकाचे सुटे पैसे मोजतो. घरी प्रत्येकाच्या ताटाशेजारी मोबाईल. जेवण उरकतं खरं, पण दुपारी भाजी कोणती होती हे संध्याकाळी विचारलं तर आठवावं लागतं. माझं सांगणं साधं आहे. तोंडातला घास संपेपर्यंत पुढचा मोडू नये, जेवताना जेवणाकडेच बघावं, आणि पोट काय म्हणतंय याची मधूनमधून विचारपूस करावी. याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. मग तुमचा आक्षेप कशाला?

साशंक : सावकाश जेवणाऱ्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. खानावळीत उभं आयुष्य गेलं माझं. जो चावून खातो तो आमटीत मीठ कमी पडलं तर सांगतो, आणि आमटी जमली तर तेही सांगतो. गिळणाऱ्याला दोन्ही कळत नाही, त्याला वाढताना हातालाही उत्साह येत नाही. तेव्हा तुझ्या बोलण्यातली गोडी मला ठाऊक आहे. मला खटकतं ते वेगळं. तू घाईला खोड समजतोस, लक्ष दिलं की सुटेल म्हणतोस. ज्या पोराचा एक क्लास बारा चाळीसला सुटतो आणि दुसरा एकला भरतो, त्यानं लक्ष कुठून आणायचं? त्याची घाई वेळापत्रकात आहे. आणि हे काही आजचं नाही. दक्षिण मराठा रेल्वेची कंपनी 1882 साली निघाली, धारवाडात तिचं मुख्य कार्यालय आलं, हुबळीत कारखाना आला. ज्या इमारतीत रेल्वेचे साहेब बसायचे तिथं आता कर्नाटक कॉलेज भरतं. तेव्हापासून या दोन गावांतल्या कितीतरी घरांत भूक कधी लागावी हे पाळी ठरवते. त्या घरातल्या माणसाला तू मन लावून जेवायला सांगशील. त्याला जमलं नाही तर तो पाळीला बोल लावणार नाही, स्वतःलाच लावून घेईल. आधी नुसती घाई होती, आता घाईबरोबर टोचणी.

आग्रही : टोचणी लावणारी शिकवण वाईट, हे मान्य. अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले, 1919 साली वारले. घासाचं तोंडातच पाणी होईपर्यंत चावा, असा त्यांचा हट्ट. भले भले लोक त्यांच्या नादी लागले, चावणं मोजत बसले, आणि पुढं ते सगळं विरून गेलं. मोजायला लागलं की चवीवरचं लक्ष आकड्यांवर जातं. मी तसलं काही सांगत नाही. पण शरीर वेळापत्रकाला विचारून चालत नाही, हे तर खरं? जठर ताणलं गेलं की त्याची खबर मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जाते. अन्न आतड्यात उतरलं की तिथून संप्रेरकं रक्तात सुटतात, तीही ‘पुरे’ म्हणून सांगतात. हा निरोप नीट पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. ज्याचं जेवण सात मिनिटांत आटोपतं, त्याला निरोप मिळतो तेव्हा ताट धुवायला गेलेलं असतं. जपानमधल्या जवळपास साठ हजार मधुमेही लोकांच्या आरोग्य तपासण्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. भराभर जेवणाऱ्यांच्या मानानं सावकाश जेवणाऱ्यांत लठ्ठपणा कमी दिसला, आणि ज्यांनी आपला वेग कमी केला त्यांच्यातही कमी दिसला. आपल्या गल्लीत साखरेचे पेशंट किती आहेत ते तुम्हीच आठवून बघा.

साशंक : ते भराभर जेवतात की सावकाश, हे ठरवलं कुणी? घड्याळ लावून कोण बसलं होतं?

आग्रही : घड्याळ नव्हतं. लोकांनी आपला वेग स्वतःच सांगितला होता.

साशंक : मग बघ. माझ्याकडे जेवणारा जो पोरगा सगळ्यात आधी हात धुवायला उठायचा, तोच म्हणायचा, मावशी, मी फार सावकाश जेवतो. हे एक. दुसरं असं, की सावकाश जेवता येणारा माणूस असतो कोण? ज्याला वेळ आहे, ज्याचे दात शाबूत आहेत, ज्याला बसून वाढणारं कुणी आहे. असा माणूस संध्याकाळी फिरायलाही जातो आणि रात्री वेळेवर झोपतो. त्याची तब्येत कशानं सुधारली, घासानं की सवडीनं, हे तुझा अभ्यास मला कसं सांगणार? आणि जुन्यांचा दाखला देतोस तर पुरता दे. माझे वडील वैद्यकी करायचे, चरकसंहितेतलं विमानस्थान त्यांच्याकडून ऐकलंय. चरकानं फार भराभर जेवू नये म्हटलंय, आणि त्याच दमात फार रेंगाळत जेवू नये असंही म्हटलंय. रेंगाळणाऱ्याची तृप्ती होत नाही, तो जास्त खातो, अन्न गार होतं आणि पचन विषम होतं, अशी कारणंही दिलीत. मन लावून जेवायला शिकवणाऱ्या तुमच्या शिबिरात यातली पहिली बाजूच सांगतात.

आग्रही : दोन्ही सांगायला हव्यात, खरं आहे. पण तुम्हीही तिसरी गोष्ट सोडलीत. चरक तिथंच सांगतो, की बडबड न करता, हसण्या-खिदळण्यात न रमता, मन अन्नाशी ठेवून जेवावं. माझा सगळा भर त्या तिसऱ्या गोष्टीवर आहे, वेग हा तिचा परिणाम. यावर एक विलक्षण प्रयोग आहे. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं 1998 साली दोन अशा रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांची नवी आठवण मेंदूला झालेल्या हानीमुळे टिकत नव्हती. त्यांना दुपारचं जेवण दिलं, ताट उचललं, आणि थोड्या वेळानं दुसरं जेवण आणून ठेवलं. ते पुन्हा जेवले. तिसरं आणलं, तेही त्यांनी खायला घेतलं. पोट तर भरलेलं होतं. जेवल्याची आठवण नव्हती, म्हणून जेवण झालेलं नव्हतं! भूक भागायला आठवण लागते, मावशी. मोबाईल बघत जेवणारा माणूस त्या दोघांच्या वाटेवर थोडा चालू लागलेला असतो. लक्ष दुसरीकडे असताना माणसं त्या वेळी तर जास्त खातातच, पण पुढच्या जेवणालाही जास्त खातात, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात मला हे स्वतःपुरतं कळलं. तिथं बोलायचं नाही, वाचायचं नाही. सकाळी अकराला जेवण, आणि समोरच्या वरणभाताखेरीज दुसरं काही नाही. तेवढ्या अन्नात इतकी चव असते हे मला ठाऊकच नव्हतं.

साशंक : तिथं तुला कोण वाढत होतं?

आग्रही : धम्मसेवक. आधी शिबिर केलेले लोक स्वखुशीनं येऊन ते काम करतात.

साशंक : चांगलं काम करतात. पण तुझ्या ध्यानात माझं म्हणणं येतंय का? दहा दिवस तुझी चूल कुणीतरी सांभाळली, भांडी कुणीतरी बघितली, नोकरीवरून फोन आला नाही, लेकरू रडलं नाही. एवढं सगळं बाजूला केल्यावर वरणाला चव आली. ती आलीच असती. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडेही असलंच काही शिकवतात म्हणालास ना मागे?

आग्रही : जॉन कबॅट-झिन. मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी 1979 साली रुग्णांसाठी ताण कमी करण्याचे वर्ग सुरू केले. त्यात एकच मनुका देतात. ती बघायची, हुंगायची, बोटांत फिरवायची, मग जिभेवर ठेवून सावकाश चावायची.

साशंक : मनुका. ना शिजवायची, ना वाढायची, ना गार होणारी. मनुका अर्धा तास हातात धरली तरी ती मनुकाच राहते. ज्वारीची भाकरी तशी थांबत नाही. तू धारवाडातला, तुला वेगळं सांगायला नको, पण तव्याच्या कुठल्या बाजूला उभं राहून बघतो त्यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून सांगते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पाण्याला आधण यावं लागतं, ते पिठात ओतायचं, आणि चटके सोसत मळायचं तळहाताच्या टाचेनं. मग परातीत थापायची, कडेनं फिरवत, बोटं ओली-कोरडी सांभाळत. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या बेतात असताना उलटायची. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर तडकते. मग आचेवर धरली की टम्म फुगते. एक आचेवर, एक तव्यावर, एक हाताखाली, असं चाललेलं असतं. ती फुगलेली भाकरी ताटात पडल्यापासून थोडाच वेळ तिचा. लोण्याचा गोळा ठेवला तर विरघळला पाहिजे, येण्णेगायीच्या वांग्याचा रस पदरात शिरला पाहिजे. गार झाली की पदर मिटतात, वातड होते. चरकाला गार झालेल्या अन्नाची काळजी का वाटली ते तेव्हा कळतं.

आग्रही : पण हीच गोष्ट मी माझ्या बाजूनं मांडीन. गरम भाकरी एकामागून एक येते. पहिली संपली की दुसरी फुगेपर्यंत थांबावं लागतं. त्या थांबण्यात माणूस काकडीचा तुकडा खातो, कच्ची मेथी, कांदा, शेंगाचटणी खातो, ताकाचा घोट घेतो. या भागातलं जेवण मुळातच सावकाश जेवायला लावणारं आहे. खडक रोट्टी घ्या. ती गिळताच येत नाही, चावावीच लागते. आणि याला आता चांगला पुरावा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसं संस्थेतच राहायला आणली. दोन आठवडे कारखान्यात फार प्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्हींत साखर, स्निग्ध, तंतू, मीठ यांचं प्रमाण जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेलं अन्न होतं तेव्हा माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊ लागली, वजन वाढलं. त्या दिवसांत त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, सुटसुटीत, चावायला न लागणारं अन्न पटापट आत जातं. तेव्हा पाव, बिस्किटं, दोन मिनिटांतल्या शेवया सोडून भाकरीकडे वळलं तरी अर्धं काम झालं.

साशंक : अरे, मग तूच माझं म्हणणं सिद्ध केलंस. त्या वीस जणांना कुणी मन लावून जेवा म्हणून सांगितलं नव्हतं. माणसं तीच, मनं तीच. समोरचं अन्न बदललं आणि वेग बदलला. म्हणजे घाईची चावी जेवणाऱ्याच्या मनापेक्षा पुष्कळदा स्वयंपाकघरात असते. आता पुढचं बोल. तुझी ती भाकरी फुगेपर्यंतची सवड, जिच्यात तू काकडी खातोस आणि ताक पितोस, ती येते कुठून? चुलीपुढे कुणीतरी उभं आहे म्हणून येते. किराणा घराण्याचं गाणं ऐकत आपण मोठे झालो. सवाई गंधर्व इथले, कुंदगोळचे. गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं त्यांच्याकडे शिकायला जायच्या. त्या गाण्यात विलंबित ख्याल चालतो तेव्हा गवई एका सुरावर किती वेळ राहतो! त्याला ते परवडतं, कारण शेजारी तबलजी तेवढा वेळ ठेका धरून बसलेला असतो. त्यानं ठेका सोडला तर गवयाचा संथपणा कुठं टिकणार? आमच्या घरांत ठेका बायकांनी धरलाय. आणि ठेका धरणारी स्वतः कशी जेवते ते बघितलंयस? सगळ्यांची पानं उठल्यावर, ओट्याशी, उरलेली वातड भाकरी आमटीत कुस्करून. तिला पाच मिनिटं पुरतात. कारण भांडी पडलेली असतात.

आग्रही : बघितलंय. माझ्या आईला बघितलंय. म्हणूनच मला वाटतं, की लक्ष देऊन जेवणं हे फक्त जिभेपुरतं राहू नये. ताटातली भाकरी नीट बघणारा माणूस ती कुणी थापली हे किती दिवस न बघता राहील? जो टीव्हीकडे बघत जेवतो त्याला ताटात भाकरी आपोआप येते असं वाटतं. जो जेवणाकडे बघतो त्याला वाढणारा हात दिसतो, त्या हातावरचा चटका दिसतो. बदल तिथूनच सुरू होईल. मला यासाठी पंगतीची रीत फार मोलाची वाटते. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कुणी सुरू करायचं नाही, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकानं दुसऱ्यासाठी थांबायचं. मठातल्या दासोहाला बसलं की शेजारच्याच्या ताटात भात पडला की नाही हे आपण आपोआप बघतो. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोबतीनं जेवताना जेवण लांबतं, पण माणसं एकटं असताना खातात त्यापेक्षा जास्तही खातात. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या संशोधकानं लोकांच्या खाण्याच्या नोंदींवरून हे दाखवलंय. म्हणजे संथ जेवण आणि कमी जेवण एकच, असं धरून चालता येत नाही. मला त्यानं फरक पडत नाही. मी हे वजनासाठी सांगायला लागलो होतो, आता वजनासाठी सांगत नाही.

साशंक : हे बोललास ते मला आवडलं. वजनाचा विषय निघाला की जेवणाचं औषध होतं आणि बाईच्या ताटाकडे चार डोळे लागतात. पण पंगतीच्या गोडव्यात फार शिरू नकोस. पंगतीत कुणाला कुणाशेजारी बसायची मुभा नव्हती ते मला आठवतं. आणि बायकांची पंगत पुरुषांनंतर, तीही मुलं अंगावर घेऊन. मोठ्या मठात, जत्रेत तर पुढची पंगत पाठीशी उभी असते. तिथं रेंगाळणाऱ्याला शेजारीच कोपरानं ढोसतात, आणि ते बरोबरच आहे, मागच्यालाही भूक लागलेली असते. माझ्या खानावळीतही तसंच होतं. बाकं ठरलेली, साडेबारा ते अडीचमध्ये दोन पाळ्या जेवून गेल्या तरच महिन्याचा हिशेब जुळायचा. एखादा पोरगा तुझ्यासारखा प्रत्येक घासाला डोळे मिटून बसला असता तर मला कौतुक वाटलं असतं, आणि दारात उभ्या असलेल्याला माझ्यावर राग आला असता. तुझा सावकाशपणा दुसऱ्या कुणाच्या तरी वेळातून येतो, हे मी तुला सांगतेय. चटका दिसल्यावर तू काय करणार? दिसणं म्हणजे हात लावणं नव्हे. आमच्या घरातल्या पुरुषांना चटके दिसत होते. ते कळवळायचेही. मग म्हणायचे, आणखी एक वाढ, पण सावकाश, घाई नाही.

आग्रही : मग असं बघा. गरम भाकरीचा आग्रहच सोडला तर? खडक रोट्टी आधी करून ठेवता येते, महिनाभर टिकते. दुरडीत रोट्ट्या, पातेल्यात भाजी, वाटीत दही, आणि सगळे एकदम बसले. कुणी तव्यापुढे नाही, कुणी मागे राहिलेलं नाही. रोट्टी कडक आहे म्हणून घास आपोआप सावकाश. मला तर वाटतं, या भागातल्या बायकांनी हा उपाय फार पूर्वीच काढून ठेवला होता. आपण पुरुषांनी गरम गरम करून त्यांना पुन्हा चुलीशी उभं केलं.

साशंक : उपाय चांगला आहे. खडक रोट्टीचं दुसरं काम प्रवासाचं आणि शेताचं, पण घरातल्या बाईला एक दिवस मोकळा मिळायचा, हेही खरं. मात्र आता ती रोट्टी घरी कोण करतं? आपण दोघंही दुकानातून आणतो. हुबळी-धारवाडातच काय, इथून गदगपर्यंत बायका घरात बसून थापतात, गठ्ठे बांधून देतात. त्यांना पैसे मिळतात नगावर. जितक्या भाकऱ्या तितके पैसे. नगावर काम करणारी बाई जेवायला किती वेळ घेईल? घासागणिक तिची भाकरी बुडते. तू घरी दह्यात मोडून, सावकाश, मन लावून खाशील ती रोट्टी जिनं थापली, तिनं ती थापताना दुपारचं जेवण उभ्यानं केलेलं असेल. मी तुला खाऊ नको म्हणत नाही. तिला तेवढेच दोन पैसे मिळतात. पण तू चूल घरातून हलवलीस, घाई हलली नाही.

आग्रही : मग कायद्याकडे जाऊया. 1948 च्या कारखाने कायद्यात होतं, की पाच तासांच्या वर सलग काम करवून घेता येणार नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यावीच लागेल. म्हणजे सावकाश जेवायला वेळ हा हक्क आहे, हे सरकारनं मान्य केलं होतं. तो अर्धा तास घरात थापणाऱ्या बाईपर्यंत न्यायचा, क्लासच्या पोरापर्यंत न्यायचा. यात माझं तुमच्याशी दुमत नाही. मात्र त्या अर्ध्या तासात हात धुणं, कॅन्टीनची रांग, डबा उघडणं सगळं आलं, आणि उरलेल्या वेळात माणूस मोबाईल काढतो. वेळ मिळाला म्हणजे जेवण झालं असं नाही. निवृत्त माणसांकडे वेळच वेळ असतो, तेही टीव्हीपुढे दहा मिनिटांत ताट संपवतात. म्हणून शिकवण लागतेच. तुम्ही म्हणता आधी वेळ, मग लक्ष. मी म्हणतो, ज्याला लक्ष देऊन जेवल्याची चव कधी कळलीच नाही, तो त्या वेळासाठी भांडणार कशाला? तो अर्धा तास कापला गेला तर त्याला पत्ताही लागणार नाही.

साशंक : हे मात्र मी विचार करण्यासारखं मानते. माझ्याकडची पोरं परीक्षेच्या दिवसांत उभ्यानं जेवायची, आणि त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की क्लासवाल्यांनी आम्हाला तास मोकळा द्यावा. त्यांना ते मागण्यासारखं वाटलंच नाही. पण बाळा, मला बाईची गोष्ट वेगळी वाटते. तिला चव कळत नाही म्हणून ती मागत नाही, असं नाही. माहेरी गेली की ती कशी जेवते ते बघ. आई वाढते, ती बसते, बोलते, बोटं चाटते, हात वाळेपर्यंत उठत नाही. तिला सगळं येतं. सासरी आली की पुन्हा पाच मिनिटं. तिला शिबिर कशाला?

आग्रही : तिला शिबिर नको, पण तिलाही साखर आहे, मावशी. सगळ्यांच्या मागून, तीन वाजता, भुकेनं कासावीस होऊन ती भराभर जेवते, आणि शिळं संपवायचं म्हणून जास्त जेवते. तिला अर्धा तास मिळाला आणि तिनं तो पडून घालवला, तरी तिची साखर काही उतरणार नाही. घरातली व्यवस्था बदलायला एक पिढी जाईल. तोपर्यंत निदान पहिले चार घास बसून, सावकाश घे, एवढंही मी तिला सांगायचं नाही का? तुमच्या न्यायानं गेलं तर आधी सगळं जग सुधारलं पाहिजे, मग तिनं चावून खायचं.

साशंक : सांग ना. सांगू नको असं मी कधी म्हटलं? थकलेल्या बाईनं मिळालेला अर्धा तास पडून घालवला तरी तो तिनं योग्यच घालवला, असं मी म्हणेन, आणि तिथं आपलं जुळायचं नाही. पण तिला जे सांगायचं ते सांगताना तिच्या नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला शेजारी बसव. ती ते चार घास बसून घेईल तेव्हा तव्यावरची भाकरी कोण उलटणार आहे, हे आधी त्या दोघांना विचार. काय म्हणाले ते मला येऊन सांग. मग तुझ्या मनुकेबद्दल पुढं बोलू.